चाल धरून ऐका : 'ले मिझराब्ल'चं ध्वनिमुद्रण पहिल्यांदा ऐकणाऱ्यांसाठी

साने गुरुजींचं 'दुःखी' ज्यांनी लहानपणी वाचलंय, त्यांना वालजी आठवत असेल. व्हिक्टर ह्यूगोच्या १८६२ सालच्या 'ले मिझराब्ल' या फ्रेंच कादंबरीचंच ते मराठी रूप. याच कादंबरीवर क्लोद-मिशेल शोनबर्ग (संगीत) आणि आलँ बुब्लिल (शब्द) यांनी संगीत नाटक रचलं. लंडनला ते १९८५ मध्ये आलं आणि पुढे जगभर गेलं. आपल्यापैकी बहुतेकांना त्यातलं एखादं गाणं माहीत असतं. कुणी 'आय ड्रीम्ड अ ड्रीम' २००९ मध्ये सूझन बॉइलच्या आवाजात ऐकलेलं असतं, कुणी २०१२ चा सिनेमा पाहिलेला असतो. पण अख्खं नाटक नुसतं कानांनी ऐकायला बसलं की पहिल्या अर्ध्या तासात गोंधळ उडतो. कोण गातंय कळत नाही, शब्द निसटतात, आणि मग आपण ओळखीच्या गाण्यावर उडी मारतो.

माझं पहिलं वर्ष असंच गेलं. पाच-सहा गाणी पाठ होती, नाटक माहीत नव्हतं. मग एका पावसाळ्यात तीन संध्याकाळी ओळीने, शब्द हातात घेऊन, पहिल्यापासून ऐकलं. तिसऱ्या संध्याकाळी मारियस आपल्या मेलेल्या मित्रांसाठी गायला लागला आणि ही चाल आपण ऐकली आहे, असं जाणवलं. मागे जाऊन शोधलं, तर पहिल्या संध्याकाळी बिशपने दारात उभ्या असलेल्या कैद्याला याच चालीवर घरात बोलावलं होतं. त्या क्षणी मला हे नाटक उमगलं. पुढच्या सगळ्या पायऱ्या तुम्हाला तिथपर्यंत लवकर नेण्यासाठी आहेत.

आधी दोन गोष्टी ध्यानात घ्या

आपल्या संगीत नाटकात गद्य चालू असतं, मग ऑर्गनचा सूर येतो आणि पद सुरू होतं. पद संपेपर्यंत गोष्ट थांबते, आणि 'वन्स मोअर' मिळाला तर आणखी थांबते. इथे तसं नाही. जवळजवळ सगळे संवादच गायले जातात. चौकशी, भांडण, हॉटेलचं बिल, मरण, सगळं सुरात. नवख्याला याचा मोठा फायदा आहे. इतर बऱ्याच नाटकांच्या ध्वनिमुद्रणात गद्य गळून जातं आणि सुटी गाणी उरतात. इथे पूर्ण ध्वनिमुद्रण घेतलं तर नाटक जवळपास जसंच्या तसं कानात पडतं.

दुसरी गोष्ट चालीची. किर्लोस्कर-देवलांच्या काळच्या नाटकांची जुनी पुस्तकं उघडली तर पदाच्या डोक्यावर 'चाल' म्हणून दुसऱ्याच एखाद्या गाण्याचं नाव छापलेलं दिसतं. लोकांच्या कानावरची चाल आणि तिच्यावर नवे शब्द. शोनबर्ग तेच करतो, फक्त उसनवारी स्वतःच्याच नाटकातून करतो. एका पात्राची चाल तासाभराने दुसऱ्याच्या तोंडी देतो, आणि त्या दोघांमध्ये काय नातं आहे हे एकही शब्द न बोलता सांगून जातो. म्हणून गाणी मोजत बसू नका, चाली धरा.

पायरी १ : ध्वनिमुद्रण निवडा

'ले मिझराब्ल' शोधलं की दहा-वीस आवृत्त्या समोर येतात. सुरुवातीला तीनच लक्षात ठेवा.

पहिली, १९८५ च्या लंडन प्रयोगातल्या मूळ कलाकारांची. कॉम विल्किन्सन व्हालजाँच्या भूमिकेत (पात्रांची ओळख पायरी २ मध्ये), रॉजर अ‍ॅलम झावेर, पॅटी लुपोन फाँटीन, फ्रान्सेस रफेल एपोनीन, मायकेल बॉल मारियस. आवाज कोवळे आणि ताजे आहेत; वाद्यमेळात मात्र ऐंशीच्या दशकातला सिंथेसायझर स्पष्ट ऐकू येतो. यात सगळं नाटक नाही. शिवाय काही गोष्टी आजच्या प्रयोगाहून वेगळ्या आहेत. झावेरचं 'स्टार्स' इथे पॅरिसच्या भिकाऱ्यांच्या आधी येतं, आणि कोझेटचं एक गाणं नंतरच्या प्रयोगांतून काढून टाकलेलं आहे.

दुसरी, 'कम्प्लीट सिंफॉनिक रेकॉर्डिंग'. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस केलेली, जवळपास तीन तासांची, मोठ्या वाद्यवृंदासह. निरनिराळ्या देशांतल्या प्रयोगांतून कलाकार निवडले होते. व्हालजाँ अमेरिकेचा गॅरी मॉरिस, झावेर ऑस्ट्रेलियाचा फिलिप क्वास्ट, एपोनीन जपानची काहो शिमादा.

तिसरी, ८ ऑक्टोबर १९९५ रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये झालेला दहाव्या वर्धापनदिनाचा कार्यक्रम. कलाकार वेशभूषेत, पण मायक्रोफोनसमोर उभे राहून गातात. याचं चित्रीकरणही आहे.

माझा सल्ला असा, की पहिल्यांदा दुसरीच ऐका. सगळ्यांत गाजलेले आवाज तिच्यात नाहीत हे खरं, पण छोटे छोटे जोडप्रवेश तिच्यात शाबूत आहेत आणि चालींचे धागे तिथेच लपलेले असतात. आवडलेल्या जागांसाठी मग १९८५ आणि १९९५ कडे जा. फिलिप क्वास्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या दोन्हींत आहे. त्याच्यासारखा झावेर मी दुसरा ऐकला नाही. तो माणूस वाईट आहे असं त्याच्या आवाजात कुठेच वाटत नाही. तो स्वतःला बरोबर समजतो, आणि म्हणूनच त्याची भीती वाटते.

सिनेमाचं ध्वनिमुद्रण शेवटी ठेवा. त्यात नटांनी चित्रीकरणाच्या वेळीच थेट गायलंय. चेहरा समोर असताना ते भिडतं, नुसत्या कानाला अपुरं वाटतं.

पायरी २ : गोष्ट आधीच जाणून घ्या

शेवट कळला तर मजा जाईल ही भीती इथे नको. शाकुंतल पाहायला जाणाऱ्याला अंगठी सापडणार हे ठाऊकच असायचं.

१८१५. बहिणीच्या मुलांसाठी पाव चोरल्याबद्दल पाच वर्षं आणि पळून जाण्याच्या प्रयत्नांबद्दल आणखी चौदा, अशी एकोणीस वर्षं भोगून कैदी क्रमांक २४६०१ सुटतो. हाच जाँ व्हालजाँ, 'दुःखी'तला वालजी. दिन्य गावचा बिशप त्याला आसरा देतो, तो बिशपचीच चांदी चोरतो, पोलीस धरून आणतात. बिशप म्हणतो, ही मीच दिली होती, आणि वर मेणबत्त्या लावायचे चांदीचे दोन स्टँडही देतो. व्हालजाँ नाव बदलून नवं आयुष्य सुरू करतो.

१८२३. तो आता कारखानदार आणि महापौर आहे. त्याच्या कारखान्यातून काढलेली फाँटीन मुलीच्या पोटासाठी केस विकते, शेवटी शरीर विकते आणि मरते. तिची मुलगी कोझेट थेनार्डिए नावाच्या लबाड खाणावळवाल्याकडे राबते आहे. व्हालजाँ तिला सोडवून नेतो. पोलीस अधिकारी झावेर मागावर आहेच.

१८३२, पॅरिस. कोझेट मोठी झाली आहे. मारियस नावाचा विद्यार्थी तिच्या प्रेमात पडतो, आणि थेनार्डिएची मुलगी एपोनीन मारियसच्या. विद्यार्थी रस्त्यात अडथळे रचून बंड करतात आणि मारले जातात. व्हालजाँ हातात सापडलेल्या झावेरला सोडून देतो आणि जखमी मारियसला गटारातून वाहून नेतो.

इथे एक गैरसमज बहुतेकांचा होतो, तो आधीच दूर करा. ही १७८९ ची फ्रेंच राज्यक्रांती नव्हे. जनरल लामार्कच्या अंत्ययात्रेच्या वेळी जून १८३२ मध्ये पॅरिसमध्ये उठाव झाला आणि दोन दिवसांत चिरडला गेला. तो उठाव यात आहे. हे माहीत असेल तर विद्यार्थ्यांची जोशपूर्ण गाणी वेगळी लागतात, कारण ती पोरं हरणार आहेत हे आपल्याला ठाऊक असतं.

पायरी ३ : बैठकीची तयारी

मोबाइलवर ऐकणार असाल तर शफल आधी बंद करा. दोन गाणी एकमेकांत मिसळणारी क्रॉसफेडची सोय चालू असेल तर तीही बंद करा. या नाटकात एक तुकडा दुसऱ्यात नेमक्या क्षणी शिरतो, यंत्राने केलेली सरमिसळ तो क्षण खाऊन टाकते. हेडफोन लावा. गाण्याचे शब्द छापील किंवा पडद्यावर समोर ठेवा.

तीन तास एका दमात नको. तीन बैठका करा. पहिली, सुरुवातीपासून फाँटीनच्या मृत्यूनंतर व्हालजाँ आणि झावेर आमनेसामने येतात तिथपर्यंत. दुसरी, तिथून पहिल्या अंकाच्या शेवटापर्यंत. तिसरी, अख्खा दुसरा अंक.

घरकाम करताना किंवा लोकलमध्ये ऐकू नका. नंतर हवं तितकं ऐका, पण पहिल्या खेपेला कान मोकळे हवेत.

आणखी एक सवय थोडा वेळ बाजूला ठेवावी लागेल. आपला कान गायकाने जागा घ्यावी, तान मारावी, चाल फुलवावी याची वाट पाहतो. इथे स्वर लिहिलेले आहेत आणि प्रत्येक नट तेच गातो. वैयक्तिक करामत शब्दफेकीत आहे, कुठे श्वास घेतला, कुठे आवाज गाण्यातून बोलण्याकडे झुकला, यात आहे. दोन फाँटीन लागोपाठ ऐकल्या की फरक लगेच कळतो.

पायरी ४ : पहिली बैठक

सुरुवातीला कैद्यांचं समूहगान आहे. दमदार पावलांसारखा ठेका आणि मान खाली घालायला सांगणारे शब्द. ही चाल पक्की लक्षात ठेवा. पुढे पॅरिसचे भिकारी हीच गातील, आणि तेव्हा श्रीमंतांना सांगतील की जरा खाली पाहा.

मग बिशप येतो. त्याचं गाणं दीड-दोन मिनिटांचं, कुणीही सुटं ऐकत नाही असं. तिथे थांबा. शब्द न पाहता चाल दोनदा ऐका. ओळ हळूच वर जाते आणि घाई न करता खाली येते. दमलेल्या माणसाला आत बोलावणारा आवाज.

त्यानंतर व्हालजाँ एकटा पडतो. आपण काय केलं, या माणसाने आपल्याला माणूस का मानलं, हा प्रश्न त्याला जाळतो. तुटक ओळी, वाद्यमेळाचा धावता ठेका, आणि शेवटी जुना व्हालजाँ संपला असं जाहीर करून एक लांबवलेला स्वर. हा एकपात्री प्रवेशसुद्धा दोनदा ऐका. नाटकाचा अर्धा भार याच्यावर आहे; का ते तिसऱ्या बैठकीत कळेल.

'आय ड्रीम्ड अ ड्रीम' रंगभूमीवरच्या क्रमात फाँटीनला कामावरून काढल्यावर लगेच येतं. अजून तिचे केस शाबूत आहेत. सिनेमाने हे गाणं पुढे, तिच्या पूर्ण अधःपातानंतर नेलं, म्हणून तिथे ते आक्रोश होतं. मूळ क्रमात ते घाबरलेलं, मागे वळून पाहणारं आहे. मला मूळ जागा जास्त पटते, कारण पुढचं सगळं अजून व्हायचं आहे.

फाँटीन मरताना मुलीला हाका मारते. ती चालही टिपून ठेवा.

बैठक संपते ती व्हालजाँ आणि झावेरच्या टकरीवर. दोघे एकाच वेळी वेगवेगळे शब्द गातात. सगळं कळत नाही म्हणून वैतागू नका. पहिल्यांदा फक्त व्हालजाँ ऐका, दुसऱ्यांदा फक्त झावेर. झावेर आपला जन्म तुरुंगातच झाला हे याच गदारोळात सांगून टाकतो आणि बहुतेकांच्या कानावरून ते निसटतं.

पायरी ५ : दुसरी बैठक

खाणावळवाला थेनार्डिए आला की इंग्रजी अवघड होते. तो आणि रस्त्यावर वाढलेला छोटा पोरगा गाव्रोश लंडनच्या गल्लीतल्या बोलीत गातात. शब्द आधी वाचून घ्या. गाणं गमतीचं आहे, पण तो माणूस गिऱ्हाइकांना लुबाडतो आणि एका लहान मुलीला राबवतो हे विसरायचं नाही. दुसऱ्या अंकात हीच चाल लग्नाच्या मेजवानीत परत येते, आणि थेनार्डिए तसूभरही बदललेला नसतो. सगळ्यांच्या चाली इकडून तिकडे जातात, याची त्याच्यापाशीच राहते.

झावेरचं 'स्टार्स' रात्री, शांतपणे ऐका. आकाशातले तारे आपापल्या जागी असतात तसं जगही असावं, असं तो मनापासून मागतो.

आता 'वन डे मोअर'. पहिल्या अंकाचा शेवट, साधारण साडेतीन-चार मिनिटं, आणि आतापर्यंतच्या चालींची एकत्र गुंफण. हे गाणं पाच वेळा ऐकायचं. पहिल्यांदा फक्त व्हालजाँ, जो स्वतःच्या ओळखीबद्दलच्या जुन्या गाण्याच्या अंगाने जातो. दुसऱ्यांदा मारियस आणि कोझेट. त्यांची ओळ फाँटीनच्या स्वप्नाच्या गाण्यातली आहे, आणि तीसुद्धा त्या गाण्यात रात्रीची हिंस्र जनावरं येतात त्या कडव्याची. आईचा चुराडा ज्या स्वरांत झाला त्याच स्वरांत लेक प्रेमात पडते. तिसऱ्यांदा एपोनीन, कोपऱ्यात एकटी. चौथ्यांदा थेनार्डिए नवरा-बायको, खाणावळीच्याच चालीवर, उद्या कोणाचे खिसे कापायचे या हिशेबात. पाचव्यांदा डोळे मिटून सगळं एकत्र.

एवढं केल्यावर मध्यंतर. त्या रात्री पुढे जाऊ नका.

पायरी ६ : तिसरी बैठक

दुसरा अंक उघडल्यावर लवकरच एपोनीनचं 'ऑन माय ओन' येतं. फाँटीन मरताना जी चाल टिपून ठेवली होती ती इथे आहे. मृत्युशय्येवरची आई आणि पावसात एकटी भटकणारी मुलगी, दोघीही समोर नसलेल्या माणसाशी बोलताहेत. नाटकाच्या अगदी शेवटी व्हालजाँला न्यायला फाँटीन येते ती याच चालीवर, आणि एपोनीन तिच्याबरोबर असते. नव्या श्रोत्याला प्रश्न पडतो की या दोघींचा संबंध काय. गोष्टीत काहीच नाही. चालीत आहे.

'ब्रिंग हिम होम' हे गाणं तालमी चालू असताना कॉम विल्किन्सनच्या गळ्यासाठी रचलं गेलं. व्हालजाँ झोपलेल्या मारियसकडे पाहत देवाची करुणा भाकतो. स्वर वरचे आहेत आणि आवाज मात्र मऊच ठेवायचा आहे. वरच्या पट्टीत मोठ्याने गाणं त्या मानाने सोपं असतं. इथे सिंफॉनिक बाजूला ठेवून १९८५ किंवा १९९५ मधला विल्किन्सन ऐका.

लढाई ऐकताना एक अडचण येते. रंगमंचावर फिरता मंच होता, अडथळा वळून त्याच्यामागची प्रेतं दिसायची. ध्वनिमुद्रणात फक्त गोळीबार आणि वाद्यमेळ आहे. शब्दांच्या कागदावरच्या रंगसूचना तेवढ्या भागापुरत्या वाचाच, नाहीतर गाव्रोश केव्हा पडला हेही समजत नाही.

आणि मग झावेरचा मृत्यू. ज्याचा आयुष्यभर पाठलाग केला त्या कैद्याने त्याला जिवंत सोडलं आहे. तो पुलावर उभा आहे आणि गायला लागतो. ऐका नीट. पहिल्या बैठकीत दोनदा ऐकलेला व्हालजाँचा एकपात्री प्रवेशच हा. तोच धावता ठेका, त्याच तुटक ओळी, तोच प्रश्न की या माणसाने मला का सोडलं. दोघांनाही न मागता दया मिळाली. एकाला ती घेता आली, दुसऱ्याला नाही. व्हालजाँचा शेवटचा स्वर पुढच्या प्रवेशात उसळी घेतो, झावेरचा पाण्यात पडतो. ह्यूगोने यासाठी पानंच्या पानं लिहिली आहेत. दोन्ही तुकडे लागोपाठ लावून ऐकायचे असतील तर आत्ता ऐका.

पाठोपाठ मारियसचं 'एम्प्टी चेअर्स'. रिकाम्या खुर्च्या, गेलेले मित्र, आणि बिशपची चाल. तिथे दार उघडून आत बोलावलं होतं, इथे बोलावणाराच कुणी उरलेला नाही.

पायरी ७ : नंतर

आठवडाभर जाऊ द्या. मग शब्द न घेता परत ऐका आणि एका वहीत दोन रकाने करा, चाल पहिल्यांदा कुणाच्या तोंडी आली आणि नंतर कुणाच्या. वर सांगितलेल्या जोड्या सुरुवातीला पुरतील. पुढच्या तुमच्या तुम्हाला सापडतील, कारण अशा अजून पुष्कळ आहेत.

कादंबरी वाचायची असेल तर ती यानंतर घ्या. वॉटर्लूची लढाई, मठ, पॅरिसची गटारं यांवर ह्यूगो मनसोक्त रमतो. नाटकात त्यातलं थोडंच उरलंय. गाव्रोश हा एपोनीनचा सख्खा भाऊ आहे हे कादंबरीत आहे, नाटकात सांगितलेलं नाही. एकदा कळलं की अडथळ्यावरचे त्या दोघांचे मृत्यू पुन्हा ऐकावेसे वाटतात.

त्यानंतर १९८० चा फ्रेंच अल्बम मिळवा. नाटक आधी तिथे जन्मलं, आणि त्याच वर्षी पॅरिसला रंगमंचावर आलं. बुब्लिलला कल्पना सुचली ती लंडनमध्ये डिकन्सवरचं 'ऑलिव्हर!' हे संगीत नाटक पाहताना. त्यातला खिसेकापू पोरगा बघून त्याला गाव्रोश दिसला. इंग्रजी गीतं हर्बर्ट क्रेट्झमर या पत्रकाराने नंतर लिहिली, आणि ती शब्दशः भाषांतरं नाहीत. फ्रेंच येत नसेल तरी हरकत नाही, चाली आता तुमच्या ओळखीच्या आहेत. रोझ लॉरांसने गायलेलं फाँटीनचं 'लेर द ला मिझेर' लावा, म्हणजे दैन्याचं गाणं. पहिल्याच ओळीला तुम्ही दचकाल. एपोनीनचं 'ऑन माय ओन' ते हेच, आणि इथे ते फाँटीनचं आहे.

सगळ्यात शेवटी १९९५ च्या कार्यक्रमाचं चित्रीकरण काढा आणि थेट शेवटाला जा. नाटक संपल्यावर निरनिराळ्या देशांतले सतरा व्हालजाँ एकेक करून पुढे येतात आणि बंडाच्या गाण्याची एकेक ओळ आपापल्या भाषेत गातात.